खेळातील साथीदार आणि मावळातील सवंगडी

मध्ययुगीन युद्धाचा संगणकीय खेळ खेळणारा तरुण प्रथम काय शिकतो? तलवार चालवण्याआधी माणसे जोडावी लागतात आणि त्यांचा पगार भागवण्यासाठी व्यापार करावा लागतो, हे. मुळशीच्या खोऱ्यांनी हाच धडा साडेतीनशे वर्षांपूर्वी प्रत्यक्ष अनुभवला आहे.

हिंजवडीतील माहिती-तंत्रज्ञान उद्यानातील दिवे रात्री उशिरापर्यंत जळत असतात. दिवसभर कंपनीचे काम करून घरी परतलेले कित्येक तरुण जेवण आटोपले की पुन्हा संगणकासमोर बसतात. या वेळी पडद्यावर कामाचे तक्ते नसतात. घोडेस्वार, तटबंदीची शहरे आणि धान्याच्या गोण्या लादलेली जनावरे असतात. हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील गाव आहे, याचा मात्र अनेकांना विसर पडलेला असतो. ज्या खोऱ्यांत शिवाजी महाराजांनी आपले सुरुवातीचे साथीदार मिळवले, त्यांतील काही खोरी याच तालुक्यात, गाडीने फार तर दीड-दोन तासांच्या अंतरावर आहेत. खेळात जे आभासी आहे, ते या डोंगरांत एकेकाळी घडून गेले आहे. या दोहोंची तुलना केली, तर खेळही अधिक कळतो आणि इतिहासही.

खेळाचे स्वरूप

या प्रकारातील सर्वांत परिचित खेळ म्हणजे 'माउंट अँड ब्लेड'. तुर्कस्तानातील अंकारा येथील टेलवर्ल्ड्स या कंपनीने तो तयार केला. पहिला खेळ २००८ मध्ये बाजारात आला. 'वॉरबँड' हा त्याचा सुधारित अवतार २०१० मध्ये आला आणि तोच जगभर गाजला. पुढचा मोठा भाग 'बॅनरलॉर्ड' २०२० मध्ये अपूर्णावस्थेत खेळण्यास खुला झाला व २०२२ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला.

कॅलरॅडिया नावाच्या काल्पनिक प्रदेशात हा खेळ चालतो. तेथे अनेक राज्ये परस्परांशी झगडत असतात. खेळाडू सुरुवातीला कोणीच नसतो. त्याच्याजवळ एक घोडा, साधे शस्त्र आणि मूठभर नाणी असतात. राजपुत्राचा जन्म, तयार सैन्य, वाट पाहणारे सिंहासन यांपैकी काही नाही. गावोगाव फिरून त्याला माणसे गोळा करावी लागतात. त्यांना खाऊ घालावे लागते आणि ठरलेल्या दिवशी वेतन द्यावे लागते. वेतन थकले की सैन्याचे मनोधैर्य खचते आणि माणसे रात्रीतून निघून जातात.

नवा खेळाडू बहुधा येथेच फसतो. पन्नास माणसे जमली की त्याला आपण सरदार झालो असे वाटू लागते. आठवडा सरतो, वेतनाचा आकडा समोर येतो आणि थैली रिकामी असल्याचे ध्यानात येते. मग दोनच मार्ग उरतात, लूट किंवा व्यापार.

साथीदार कसे मिळतात?

खेळात सैनिक आणि साथीदार यांत स्पष्ट फरक केलेला आहे. सैनिक गावातून भरती होतात. गावाशी आपले संबंध चांगले असतील, तर अधिक व चांगली माणसे मिळतात. गाव लुटले असेल, तर भरतीसाठी कोणी पुढे येत नाही. साथीदार मात्र शहरांतील सरायांत, पेयगृहांत भेटतात. प्रत्येकाला स्वतःचे नाव, पूर्वायुष्य आणि कसब आहे. 'वॉरबँड'मध्ये असे सोळा साथीदार आहेत. जेरेमस हा शस्त्रवैद्य आहे. आर्टिमेनर वेढ्याची यंत्रे बांधणारा स्थापत्यकार आहे. मार्निड हा धंद्यात बुडालेला व्यापारी आहे. बोर्चा हा घोडेचोर असला, तरी माग काढण्यात आणि वाट शोधण्यात वाकबगार आहे.

अनुभवी खेळाडू अशा माणसांची निवड केवळ त्यांच्या तलवारीवरून करीत नाहीत. वैद्य बरोबर असला, तर लढाईनंतर जखमी माणसे वाचतात. वाटाड्या असला, तर सैन्य लवकर हलते. व्यापाराची जाण असणारा असला, तर खरेदी-विक्रीत होणारा तोटा कमी होतो. स्वतःला सर्व काही आले पाहिजे असा हट्ट धरणारा खेळाडू मागे पडतो. ज्याला जे येते त्याच्याकडे ते काम सोपवणारा पुढे जातो.

साथीदारांची मनेही सांभाळावी लागतात. या सोळांपैकी काहींचे परस्परांशी जमते, काहींचे हाडवैर असते. गावे लुटली, की काहीजण उघड नाराजी व्यक्त करतात. सैन्य उपाशी ठेवले किंवा माणसांना मागे सोडून पळ काढला, की काहींचा विश्वास उडतो. नाराजी वाढत गेली तर साथीदार सोडून जातो, त्याच्यावर कितीही पैसा खर्च केलेला असला तरी.

व्यापाराचे गणित

खेळातील व्यापाराचे तत्त्व आपल्या बाजारपेठांना अपरिचित नाही. जेथे माल पिकतो तेथे तो स्वस्त असतो. जेथे पिकत नाही तेथे महाग. मीठ, लोखंड, कातडी, मखमल, मसाले, धान्य अशा प्रत्येक वस्तूचा भाव शहरागणिक वेगळा असतो. 'वॉरबँड'मध्ये बाजारात थोडा वेळ काढून भावांची चौकशी करता येते. कोणता माल येथून घेऊन कोठे विकावा, याचा अंदाज त्यातून मिळतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, समुद्राजवळच्या शहरात मिठाची गोणी शंभर नाण्यांना मिळते आणि डोंगरापलीकडच्या शहरात ती दोनशेला विकली जाते. दहा गोण्या नेल्या तर हजार नाण्यांचा फायदा होईल, असे नवखा खेळाडू मानतो. प्रत्यक्षात प्रत्येक गोणी खरेदी करताना भाव थोडा चढतो आणि प्रत्येक गोणी विकताना थोडा उतरतो. शिवाय वाटेतील दिवसांचे सैन्याचे वेतन व अन्न खर्ची पडते. त्यामुळे हाती हजाराच्या जागी चार-पाचशेच राहतात. जाताना मीठ आणि येताना धान्य असा दुहेरी माल नेणारा, एकाच पेठेत सगळा माल न ओतता दोन-तीन पेठांत विकणारा, हाच या खेळात श्रीमंत होतो.

पुढे भांडवल जमले की शहरात उद्योग सुरू करता येतो. 'वॉरबँड'मध्ये दहा हजार नाणी घालून मखमल रंगवण्याचा कारखाना काढता येतो. 'बॅनरलॉर्ड'मध्ये एखाद्या साथीदाराच्या हाताखाली व्यापारी तांडाच रवाना करता येतो. युद्ध पेटले, की हे तांडे शत्रूच्या तावडीत सापडतात. गावे जळाली, की शहरात माल येणे थांबते आणि भाव कडाडतात. युद्ध आणि बाजार यांचे नाते किती घट्ट असते, हे खेळाडूला येथे न शिकवता कळते.

मुळशीच्या नकाशावर

आता पडद्यावरून नजर काढून पश्चिमेकडे पाहू. पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत उतरणाऱ्या नद्यांची खोरी म्हणजे मावळ. बारा मावळे ही संज्ञा मराठी वाचकाच्या कानावरची आहे. त्यांपैकी पौड मावळ, कोरबारसे आणि मुठे खोरे हा भाग आजच्या मुळशी तालुक्यात आणि त्याच्या सीमेवर येतो. मोसे खोरे त्याला दक्षिणेकडून लागून आहे.

या प्रत्येक खोऱ्यावर वंशपरंपरागत देशमुखांचा अंमल होता. पौड खोऱ्यात ढमाले, मुठे खोऱ्यात मारणे, मोसे खोऱ्यात पासलकर, गुंजण मावळात शिळीमकर, रोहिड खोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल ही घराणी नांदत होती. सारा वसूल करावा, तंटे मिटवावेत, वेळप्रसंगी माणसे जमवून लढावे, असा त्यांचा अधिकार. एका खोऱ्याचे दुसऱ्याशी सीमेवरून व मानपानावरून वैर असे. खेळातील एकमेकांशी न पटणाऱ्या साथीदारांची आठवण व्हावी, अशीच ही स्थिती होती.

शहाजीराजांच्या पुणे जहागिरीचा कारभार दादोजी कोंडदेव पाहत होते. १६४७ मध्ये त्यांचे निधन झाले. या काळात मावळ खोऱ्यांची घडी बसवली गेली. सभासद बखरीतील वर्णन पाहता हे काम केवळ गोड बोलून झालेले नाही. जे देशमुख पुंडाई करीत होते त्यांना बंदोबस्तात आणावे लागले. काहींशी लढावेही लागले. दुसऱ्या बाजूला न्यायाचा वचक होता. १६४६ मध्ये रांझे गावच्या पाटलाला स्त्रीशी केलेल्या गैरवर्तनाबद्दल हातपाय तोडण्याची शिक्षा झाली, असे त्या वर्षीचे पत्र सांगते. गावचा पाटील असला तरी सुटणार नाही, हा निरोप प्रत्येक खोऱ्यात पोहोचला असणार. ज्या रयतेतून पायदळ उभे राहायचे होते, तिचा विश्वास अशा निवाड्यांतून मिळाला.

मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर हे सुरुवातीच्या साथीदारांपैकी वडीलधारे. फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी, १६४८-४९ च्या सुमारास, सासवड परिसरातील झुंजीत त्यांना वीरमरण आले, अशी परंपरा आहे. मोसे नदीवरील वरसगाव धरणाच्या जलाशयाला आज त्यांचेच नाव आहे.

भरती आणि जामीन

माणूस सैन्यात घेताना कोणती खबरदारी घेतली जाई, याचे तपशील उपलब्ध आहेत. मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या ग्रँट डफ यांनी नोंदवले आहे, की महाराज भरतीसाठी आलेल्या माणसाची स्वतः पाहणी करीत. अनोळखी माणूस असेल, तर आधीपासून चाकरीत असलेल्या कोणीतरी त्याच्या वर्तनाची हमी द्यावी लागे.

या जामिनाच्या पद्धतीचा अर्थ समजून घेण्याजोगा आहे. हमी देणारा बहुधा त्याच खोऱ्यातला, त्याच भावकीतला असे. नवा माणूस फितूर झाला, तर हमी देणाऱ्याची पत जाई. त्यामुळे प्रत्येक शिपाई दोन धाग्यांनी बांधलेला असे. एक धागा सरकारशी, दुसरा आपल्या माणसांशी. खेळातील सरायांत एका रात्रीत साथीदार मिळतो. मावळात तो गोतातून, शेजारच्या वाडीतून, कोणाच्या तरी शब्दावर येत होता.

मावळे स्वतःची शस्त्रे घेऊन येत. दारूगोळा सरकारातून मिळे. घोडदळात दोन प्रकार होते. बारगीराला सरकारी घोडा मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई. सभासदाने दिलेल्या रचनेनुसार पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर एक हजारी असे. पंचवीस स्वारांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी वाहणारा आणि घोड्याला नाल ठोकणारा यांच्याशिवाय स्वारी चालत नाही, हे खेळात वैद्य व वाटाड्या शोधणाऱ्या खेळाडूला सहज पटेल.

पगाराचा हिशेब

ग्रँट डफ यांच्या नोंदीनुसार अगदी सुरुवातीचे मावळे केवळ पोटापुरत्या धान्यावर चाकरीस राहत. पुढे पायदळाच्या शिपायाला महिना एक ते तीन होन, बारगीराला दोन ते पाच होन आणि शिलेदाराला सहा ते बारा होन मिळू लागले. होन हे सोन्याचे नाणे. त्याची किंमत साधारण साडेतीन रुपयांच्या आसपास धरली जाई.

या आकड्यांवरून एक साधा हिशेब मांडता येतो. एका हजारीच्या हाताखाली १,२५० बारगीर. प्रत्येकाला किमान दोन होन धरले, तरी महिन्याला २,५०० होन लागतात. पाच होनांच्या दराने हाच आकडा ६,२५० वर जातो. यात अधिकाऱ्यांचे पगार, घोड्यांचा दाणा-वैरण, नालबंदी, जखमींची शुश्रूषा काहीही धरलेले नाही. सरकारी घोडे वर्षभर खातात, युद्ध असो वा नसो.

हा पैसा आणायचा कोठून? शेतसारा हा मुख्य मार्ग होता. शत्रूच्या मुलखातील स्वाऱ्या हा दुसरा. दसऱ्याला फौजा बाहेर पडत आणि पावसाळ्यापूर्वी छावणीस परतत. आठ महिने बाहेर, चार महिने घरी, हे वर्षाचे वेळापत्रक होते. स्वारीत मिळालेला माल सरकारजमा करावा लागे. तो शिपायाच्या मालकीचा नसे. परत आल्यावर झडती होई आणि हिशेब मांडला जाई. लूट सरकारी आणि पगार ठरलेला, या दोन नियमांमुळे फौज टोळी न होता फौज राहिली.

तिसरा मार्ग व्यापाराचा. त्याची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते.

मीठ, जकात आणि घाटवाटा

मुळशी तालुक्याचा पश्चिम काठ म्हणजे सह्याद्रीचा कडा. खाली कोकण, वर देश. तैलबैल्याच्या परिसरातून सवाष्णी आणि वाघजाई या घाटवाटा सुधागड व ठाणाळ्याच्या बाजूला उतरतात. घनगड आणि कोराईगड हे किल्ले याच पट्ट्यात या वाटांवर नजर ठेवून उभे आहेत. मोटारी आता ताम्हिणी घाटातून जातात. त्याकाळी बैल या अरुंद वाटांनी चढत असत.

कोकणात मिठागरे होती. देशावर मीठ पिकत नव्हते. देशावर ज्वारी-बाजरी होती. कोकणात ती पिकत नव्हती. खेळातील खेळाडू ज्या फरकाच्या शोधात पेठा धुंडाळतो, तो फरक निसर्गानेच या कड्याच्या दोन बाजूंना मांडून ठेवला होता. बैल मीठ घेऊन वर येत आणि धान्य घेऊन खाली उतरत. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने सतराव्या शतकातील हिंदुस्थानात दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे. धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ यांपैकी एकेक जिन्नसच वाहणारे वेगवेगळे समाज असल्याचेही तो सांगतो. मावळच्या घाटांत एवढे प्रचंड तांडे मावणे शक्य नव्हते. परंतु व्यवहाराची रीत तीच.

अशा वाटेवर जो चौकी बसवतो त्याला जकात मिळते. जुन्नरजवळच्या नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण प्रसिद्ध आहे. किल्ल्याचे काम केवळ शत्रू अडवण्याचे नव्हते. वाट सुरक्षित असली तर व्यापारी येतो, व्यापारी आला तर जकात येते, जकात आली तर किल्ल्यावरच्या शिबंदीचा पगार भागतो, असे ते चक्र होते.

या विषयातील सर्वांत बोलके कागद म्हणजे शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेले पत्र. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशात मीठ स्वस्त मिळत होते. घाटावरचे व्यापारी तिकडे वळू लागले होते. असेच चालू राहिले, तर स्वराज्यातील मिठागरांचा व्यापार बुडेल, हे ओळखून बारदेशच्या मिठावर भारी जकात बसवावी आणि ते संगमेश्वरकडील मिठापेक्षा महाग पडेल असे करावे, असा हुकूम त्यात आहे. आजच्या भाषेत यालाच संरक्षक आयातशुल्क म्हणतात. राज्याभिषेकाच्या तीन वर्षे आधी राजा मिठाच्या भावात लक्ष घालतो, ही गोष्ट लहान नव्हे.

समुद्रावरही तेच धोरण दिसते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर किनाऱ्याशी थेट संबंध आला. कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांनी १६६५ मध्ये लिहून ठेवले आहे, की महाराजांच्या ताब्यातील आठ-नऊ बंदरांतून दरवर्षी दोन-तीन किंवा अधिक व्यापारी गलबते इराण, बसरा, मोखा येथे जात असत. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात साहुकार ही राज्याची शोभा असल्याचे सांगून त्यांना सन्मानाने वसवावे, असा उपदेश आला. तो याच अनुभवाचा परिपाक मानता येईल.

लुटीची किंमत

खेळात गाव लुटणे सोपे आहे. काही तासांत जनावरे, धान्य, नाणी हाती येतात. परंतु त्या गावातून पुन्हा भरती मिळत नाही, शेजारच्या शहरातील माल महागतो आणि बरोबरचे भले साथीदार बिथरतात. खेळाच्या निर्मात्यांनी लुटीची किंमत अशा प्रकारे हिशेबात धरली आहे.

चिपळूणच्या छावणीतील लष्कराला महाराजांनी लिहिलेले पत्र याच मुद्द्यावर आहे. त्याचा आशय असा, की पावसाळ्यासाठी साठवलेले धान्य आणि वैरण आत्ताच उधळाल तर पुढे घोडे मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरांतून दाणे, गवत, भाजीपाला ओरबाडू लागाल. त्यापेक्षा मोगल बरे असे रयतेला वाटू लागेल. हवे ते बाजारात पैसे देऊन घ्यावे, कोणावर जुलूम करू नये, अशी ताकीद त्यात आहे. गवताच्या गंजींजवळ आगटी पेटवू नये, दिवे जळते ठेवू नयेत, अशा बारीकसारीक सूचनाही आहेत. रयतेविषयीचा जिव्हाळा या पत्रात आहेच. त्याबरोबर पुरवठ्याचे काटेकोर गणितही आहे. शेतकरी नागवला, तर पुढच्या वर्षी सारा कोण देणार आणि फौजेत कोण येणार?

खेळ कोठे अपुरा पडतो?

येथवर खेळ आणि इतिहास हातात हात घालून चालतात. १६५९ मध्ये मात्र वाट वेगळी होते.

अफझलखान मोठी फौज घेऊन निघाला, तेव्हा विजापूरच्या दरबारातून मावळच्या देशमुखांना फर्माने गेली. शिवाजीची साथ सोडून खानास मिळा, नाहीतर वतनास मुकाल, असा त्यांचा मतलब. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कारीचे कान्होजी जेधे आपल्या मुलांसह महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडल्याचे सांगितले. देशमुखाच्या दृष्टीने वतन म्हणजे केवळ उत्पन्न नव्हे. पूर्वजांची कमाई, गावातील मान, मुलांचा उद्याचा घास हे सारे त्यात आले. महिन्याच्या होनांनी या निर्णयाची किंमत भरून निघणारी नव्हती.

प्रतापगडच्या भेटीनंतर चित्र पालटले. खंडोजीला देहान्त शिक्षा व्हायची होती. कान्होजींनी रदबदली केल्यामुळे प्राण वाचले, पण उजवा हात आणि डावा पाय गेला. साथीदाराचा शब्द राखायचा आणि फितुरीला शासनही करायचे, असा तो कठोर निवाडा होता.

बांदलांची गोष्ट आणखी निराळी. हिरडस मावळचे बांदल प्रथम विरोधात होते. त्यांच्या पदरचे बाजीप्रभू देशपांडे पुढे स्वराज्यात आले आणि जुलै १६६० मध्ये विशाळगडच्या वाटेवर बांदलांच्या माणसांसह घोडखिंडीत लढले. कालचा शत्रू आजचा साथीदार झाल्यावर त्याच्यावर सर्वांत अवघड कामगिरी सोपवण्यात आली. त्या पराक्रमानंतर दरबारातील मानाचे पहिले पान, जे जेध्यांकडे होते, ते बांदलांकडे गेले आणि जेध्यांनी ते मान्य केले, असे परंपरा सांगते. दोन साथीदारांचे वैर मिटवण्याची अशी रीत अद्याप कोणत्याही खेळाला साधलेली नाही.

खेळात हरलो तर जुन्या टप्प्यावर परत जाता येते. साथीदार रुसला तर दुसरा मिळतो. १६५९ मध्ये निर्णय घेणाऱ्या माणसांना परतीची सोय नव्हती. आकड्यांत मांडता येते तेवढे सर्व खेळ मांडतो. वतनावर सोडलेले पाणी मात्र त्यात येत नाही.

तरुणांनी आणि पालकांनी काय घ्यावे?

मुले असे खेळ खेळतात म्हणून चिंता करणारे पालक आहेत. वेळेचे बंधन हवे, यात शंका नाही. तरीही मूल काय खेळते हे एकदा शेजारी बसून पाहण्यास हरकत नाही. मिठाचे भाव तपासणारा, पगाराचा दिवस मोजणारा, गाव लुटावे की नाही याचा विचार करणारा मुलगा इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाकडे वेगळ्या नजरेने पाहू शकतो. 'महाराजांच्या फौजेचा पगार कोठून येत असेल?' हा एक प्रश्न त्याला विचारून पाहावा.

आपण मावळ्यांच्या शौर्याच्या कथा मुलांना सांगतो. त्यांत तलवार असते, घोडा असतो, कडा असतो. पगाराची वही, जामिनाचा कागद, जकातीची चौकी आणि मिठाची गोणी क्वचितच असते. त्यामुळे स्वराज्य हे केवळ उसळत्या रक्ताने उभे राहिले असा समज होतो. ते उभारणाऱ्यांनी हिशेबही तितक्याच निष्ठेने केला, हे सांगितले तर त्यांची थोरवी वाढेलच.

आजचा मुळशी तालुका फार बदलला आहे. मुळा नदीवर टाटांच्या वीज प्रकल्पासाठी बांधलेल्या धरणाने मूळ खोऱ्याचा मोठा भाग पाण्याखाली नेला. शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून केलेला मुळशी सत्याग्रह त्यासाठीच होता. मोसे खोऱ्यातील जुन्या वाटाही वरसगावच्या पाण्यात गेल्या. उरलेल्या जमिनीवर बंगले आणि फलक दिसतात. आंबेमोहोराचे शेत पाहायचे, तर पौडच्या पुढे जावे लागते.

तरी कड्यावरच्या वाटा अजून आहेत. पावसाळा सरल्यावर एखाद्या रविवारी तैलबैल्याला जावे, जाणकार वाटाड्या बरोबर घ्यावा आणि सवाष्णीच्या तोंडाशी उभे राहून खाली कोकणात नजर टाकावी. पाठीवर मिठाची गोणी असलेला बैल या वाटेने वर कसा आला असेल, त्याच्यामागे चालणाऱ्या माणसाला चौकीवर किती द्यावे लागले असेल आणि त्या पैशांतून कोणत्या मावळ्याच्या घरी धान्य गेले असेल, याचा विचार तेथे आपोआप मनात येतो. रात्री संगणकासमोर बसून मिठाचा भाव पाहणाऱ्या हिंजवडीच्या तरुणाला तर तो अधिकच जवळचा वाटेल.